आमच्या चौकात उड्डाणपूल हवा, गोल हवा की सिग्नलच सुधारावा?

प्रश्न दोनदा वाचला. चार रस्त्यांचा चौक आहे, सकाळी तीन-तीन सिग्नल सुटेपर्यंत गाडी जागची हलत नाही. महापालिकेने सल्लागार नेमलाय. तुमच्या सोसायट्यांच्या बैठकीत अर्धे लोक उड्डाणपुलाच्या बाजूचे, अर्धे 'मधे मोठा गोल करा' म्हणणारे. हरकती-सूचना द्यायला पंधरा दिवस उरलेत आणि पत्र लिहायचं काम तुमच्या गळ्यात आलंय.

मी बावीस वर्षं वाहतूक सर्वेक्षणात काढली. त्यातली पहिली सहा नुसती चौकात उभं राहून, हातात तक्ता घेऊन. त्यामुळे माझं उत्तर थोडं मोजणीवाल्याचं आहे, चालवून घ्या.

पूल की गोल हा वाद आत्ता बाजूला ठेवा आणि पत्रात पहिली मागणी वळणांच्या मोजणीची करा. 'या चौकातून रोज अमुक हजार वाहनं जातात' हा आकडा भाषणापुरता बरा. चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक बाजूने डावीकडे, सरळ आणि उजवीकडे अशा बारा हालचाली होतात, यू-टर्न धरले तर सोळा. त्या प्रत्येकीचा दर पंधरा मिनिटांचा आकडा हवा, दुचाकी, रिक्षा, कार, बस, टेम्पो वेगवेगळे धरून. मोजणी कुठल्या तारखेला झाली तेही विचारा. एकदा माझ्या टेबलावर एका चौकाचे आकडे आले, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलेले. शाळा-कॉलेजं बंद, निम्मं गाव कोकणात. कागदावर तो चौक इतका सुरळीत चालत होता की काही करायचीच गरज दिसत नव्हती!

यात एक मेख आहे, आणि भले भले तिथे फसतात. कोंडलेल्या चौकात स्टॉप लाइनवर उभं राहून मोजलं तर वाहनं गेली किती ते कळतं, आली किती ते कळत नाही. नळाखाली बादली धरून टाकीत किती पाणी आहे ते सांगता येईल का? म्हणून रांग मोजावी लागते. हिरवा संपला तेव्हा मागे किती वाहनं अडकून राहिली आणि रांगेचं शेपूट कुठपर्यंत पोचलं, हे दर सिग्नलला टिपायचं. हे काम तुम्ही स्वतः करू शकता. प्रत्येक रस्त्यावर एक माणूस, सकाळी साडेआठ ते अकरा, मंगळवार-बुधवार-गुरुवार. 'शेपूट मेडिकलपर्यंत', 'शेपूट शाळेच्या गेटपर्यंत' असं लिहिलं तरी चालेल, अंतर नंतर टेपने मोजता येतं. सल्लागाराच्या अहवालात रांगांचा तक्ता नसेल तर तुमचा हा कागद बैठकीत सोन्याच्या भावाचा ठरेल.

आता थोडं गणित, कंटाळू नका. वेगवेगळी वाहनं एका मापात आणायला पीसीयू वापरतात, म्हणजे कारच्या हिशेबात वाहन किती. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या 1990 च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत कार 1 धरली तर दुचाकी 0.5, आणि दुचाकींचं प्रमाण दहा टक्के किंवा जास्त असेल तर 0.75 आहे. आपल्याकडे दहा टक्के कुठले, त्याच्या कितीतरी पट असतात, तेव्हा 0.75 च. सिग्नलवर रस्त्याची वाहून नेण्याची ताकद ढोबळमानाने रुंदी गुणिले 525 धरतात. म्हणजे स्टॉप लाइनपाशी 7 मीटर रुंदी असेल तर अखंड हिरव्यात तासाला 3,675 पीसीयू.

समजा तुमच्या चौकात उत्तरेकडून 900, दक्षिणेकडून 800, पूर्वेकडून 600 आणि पश्चिमेकडून 500 पीसीयू येतात, चारही बाजू एकामागून एक सुटतात आणि दर बदलाला चार सेकंद वाया जातात. उत्तर-दक्षिण रस्ते 7 मीटर, पूर्व-पश्चिम मात्र 5.5 मीटर. सिग्नलची वेळ ठरवायचं वेबस्टरचं 1958 चं सूत्र लावलं तर सिग्नलचा पूर्ण फेरा येतो सुमारे 185 सेकंदांचा. तीन मिनिटांच्या वर! आता पूर्व-पश्चिम रस्त्यांवर स्टॉप लाइनआधीच्या साठेक मीटरमध्ये कडेला लावलेल्या गाड्या हटवा, म्हणजे तिथेही 7 मीटर मोकळे होतील. वाहनं तेवढीच, सूत्र तेच, फेरा येतो 122 सेकंदांचा. एक वीट रचली नाही, एक झाड तोडलं नाही.

आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील. पण चौकात रस्ता कमी पडतो तो शेवटच्या पन्नास-साठ मीटरमध्ये, हे मी कितीतरी चौकांत डोळ्यांनी पाहिलंय. एक सांगतो. उपनगरातला चौक, गाव सांगत नाही. संध्याकाळी एका बाजूला हिरवा पंचेचाळीस सेकंदांचा, पण पहिल्या बारा-पंधरा सेकंदांनंतर गाड्या सुटायच्याच थांबायच्या. समोर रस्ता तर मोकळा दिसतोय. मी तीन संध्याकाळी मोजत बसलो, चौथ्या दिवशी उठून चौकाच्या पलीकडे गेलो तेव्हा कळलं. चौक ओलांडल्या ओलांडल्या वीस पावलांवर बसथांबा. बस थांबली की तिच्या मागे दुसरी, आणि थांब्याच्या तोंडाशी रिक्षावाल्यांची रांग असल्यामुळे बसला कडेला घुसता येत नाही, म्हणून ती मधल्या लेनमध्येच तिरकी उभी राहते. पाठीमागे वडापावच्या गाडीसमोर चार दुचाकी. आम्ही सिग्नलच्या अलीकडे रोग शोधत होतो, तो पलीकडे होता. थांबा साठ-सत्तर मीटर पुढे सरकवला, रिक्षांना बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी जागा दिली. वडापाववाला मात्र जागचा हलला नाही, त्याला बस पुढे गेल्याचं वाईट वाटलं. गिऱ्हाईक गेलं ना.

म्हणून नकाशा मागताना चौकापासून प्रत्येक बाजूला किमान दोनशे मीटरचा मागा. थांबे, रिक्षा स्टँड, गेटं, पार्किंग, विजेचे डीपी, झाडं, सगळं त्यावर दिसलं पाहिजे.

आता पूल. मी पुलाच्या विरोधात नाही. पुण्याचा चांदणी चौक घ्या. महामार्ग, बावधन, कोथरूड, मुळशी अशा सगळ्या दिशांची वाहतूक तिथे एकमेकींत गुंतायची. तिथला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटकांनी पाडला आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवा बहुस्तरीय प्रकल्प सुरू झाला. तिथे सिग्नलने भागणारच नव्हतं. (पायी ओलांडणाऱ्यांची सोय मात्र तिथेही मागेच राहिली.) पण शहराच्या मधोमध गोष्ट वेगळी असते. कर्वे रस्त्यावर नळस्टॉपला खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा दुमजली पूल मार्च 2022 मध्ये खुला झाला, आणि पाठोपाठ पूल उतरतो तिथे कोंडी होते अशी ओरड सुरू झाली. पूल चौकावरून गाड्या उचलतो आणि पुढच्या चौकात एकगठ्ठा ओततो. पुढच्या चौकाची ताकद तेवढीच राहिली तर तुमची रांग फक्त पत्ता बदलते.

विद्यापीठ चौकाची गोष्ट तर पुणेकरांना पाठ आहे. तिथले पूल जेमतेम दीड दशक चालले. शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रोसाठी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाडले, आणि नव्या दुमजली पुलाचा काही भाग 2025 मध्ये खुला झाला. मधली पाच वर्षं त्या चौकातून ज्यांनी रोज ये-जा केली त्यांना विचारा. म्हणून तुमच्या पत्रात हे दोन प्रश्न असूच द्या: या रस्त्यावर पुढच्या वीस वर्षांत मेट्रो, बीआरटी (बससाठी राखीव मार्ग) किंवा मोठी जलवाहिनी येणार आहे का? आणि पूल जिथे उतरतो त्याच्या पुढच्या दोन चौकांची मोजणी केली आहे का?

एक आकडा लक्षात असू द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सगळ्या बाजूंची मिळून तासाला साधारण 10,000 पीसीयूच्या वर वाहतूक गेली की पातळ्या वेगळ्या करण्याचा, म्हणजे पूल किंवा भुयाराचा विचार रास्त ठरतो. तुमचा चौक अंदाजे सहा हजारांत असेल तर 'पूल का?' हे सल्लागाराने सांगायचं, 'पूल का नको?' हे तुम्ही नाही.

गोलाबद्दल फार लिहीत नाही. चारी बाजू मिळून तासाला तीनेक हजार वाहनांपर्यंत गोल छान चालतो, त्यापुढे त्याच्याच पोटात गाड्या अडकतात. तुमच्या वर्णनावरून तुम्ही ती हद्द केव्हाच ओलांडलीय. शिवाय आपल्याकडे गोलातल्या गाडीला आधी जाऊ देतो कोण?

पादचाऱ्यांचं मात्र सविस्तर लिहा, कारण अहवालात ते बहुतेक शेवटच्या पानावर असतात. चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 24 मीटरचा रस्ता एका दमात ओलांडायला वीस सेकंद, आणि आजी नातवाला धरून निघाल्या तर तीसही. तुमच्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते उद्याच मोजून बघा. दुभाजकावर थांबायला किमान 1.2 मीटर रुंद जागा हवी. दोन विटांच्या रुंदीच्या दुभाजकावर माणूस उभा राहतो तो जीव मुठीत धरून. आणि ते फ्री लेफ्ट! डावीकडे वळणारी गाडी कधीच थांबत नाही, तिथून चालणाऱ्याला कधीच हिरवा मिळत नाही. कोपऱ्याची गोलाई कमी केली की गाडी आपोआप हळू वळते, ओलांडायचं अंतरही घटतं. बैठकीत कोणीतरी म्हणेल की त्याने वाहतूक तुंबेल. तेव्हा शांतपणे डाव्या वळणाचा आकडा विचारा. बऱ्याचदा तो कोणाकडे नसतो.

जमिनीखालचं आठवणीने विचारा. जलवाहिनी, ड्रेनेज, महावितरणच्या केबल, इंटरनेटवाल्यांचं जाळं, यांचे नकाशे आणि प्रत्यक्ष यात फार फरक असतो. चाचणीचे खड्डे टेंडरआधी घ्यायचे असतात. नंतर घेतले की काम सहा महिने बंद आणि चौकात पत्र्यांचं कुंपण.

पत्रात चाचणीही मागा. प्लास्टिकचे शंकू, रेतीच्या गोण्या आणि रंग वापरून नवी आखणी महिनाभर रस्त्यावर करून बघता येते. कोपरा पुढे आणला, उजवं वळण बंद करून पुढून यू-टर्न दिला, थांबा हलवला, या सगळ्याचा परिणाम आठवड्यात दिसतो आणि नाही जमलं तर गोण्या उचलून न्यायच्या. उजव्या वळणांच्या बाबतीत मला चाचणीशिवाय कोणाचंच म्हणणं पटत नाही, माझं स्वतःचंही नाही.

एवढं करा: पूर्व आणि पश्चिमेच्या रस्त्यांची स्टॉप लाइनपाशी रुंदी टेपने मोजा, पावलांनी नको. दुभाजकाच्या कडेपासून उभ्या गाड्यांपर्यंत एकदा, आणि फुटपाथच्या कडेपर्यंत एकदा. सोबत सिग्नलचा फेरा मोबाइलवर पाच वेळा मोजा. आकडे इथे टाका, मी रविवारी बसून हिशेब करून देतो. पत्राचा मसुदा त्यानंतर बघू, पंधरा दिवसांतले चार गेले तरी हरकत नाही.