वकिलाले सगळं सांगा, पण कोरा कागद देऊ नका

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे, नाव छापू नका. आमचं दोन एकर वावर कालव्यात गेलं, मालक वारले त्याले चार वर्षं झाले. मोबदला वाढवून मागायची केस टाकून देतो म्हणून एका लॉ फर्मचा माणूस गावात आला, समाजमंदिरात बसला अन् आम्हा पंधरा-वीस जणाईचे आधार, पॅन, पासबुक, सातबारा, वारसाचा दाखला, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेला. वकीलपत्रावर सह्या घेतल्या अन् संगंच दोन कोरे स्टॅम्प पेपर अन् एक कोरा चेक, त्यावरही सह्या. आता ट्रॅक्टरवाल्याचा फोन येते, विम्यावाल्याचा येते, म्हणतात ताई तुमचे पैसे येऊन राहिले ना. माह्या सासरच्यायलेही रक्कम माहीत झाली. वकिलानं आपली माहिती अशी वाटली तर चालते का? आणि मालकावर सावकाराचं कर्ज होतं ते मी त्यायले सांगतलं नाही, सांगू का नको?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण खरं नुकसान तिथं होऊ शकते. कर्जाचं सांगा, आणि लवकर सांगा. उद्या पैसे उचलायच्या वेळी सावकार कागद घेऊन कोर्टात उभा राहिला आणि तुमच्या वकिलाला ते तिथंच पहिल्यांदा कळलं तर तो तुमच्या बाजूनं बोलणार तरी काय. वकिलापाशी बोललेलं बाहेर जाऊ नये याची सोय कायद्यातच आहे, आधी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे. पक्षकारानं कामासाठी सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद, दिलेला सल्ला, यातलं काहीही तुमच्या परवानगीशिवाय वकील उघड करू शकत नाही, केस संपली, तुम्ही वकील बदलला तरीही नाही. आणि हे बंधन एकट्या वकिलावर नाही, त्याच्या मुन्शीवर, टायपिंग करणाऱ्या पोरावर, ऑफिसातल्या नोकरावरही आहे, हे आपल्याकडं बऱ्याच मुन्शी लोकांनाच माहीत नसते. अपवाद म्हणजे बेकायदा काम करायसाठीच कोणी सल्ला घेतला किंवा वकील लागल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक झालेली त्याला दिसली तर, तुमचं जुनं कर्ज त्यात कुठंच बसत नाही.

आता रक्कम गावभर कशी झाली. यात मला त्या ऑफिसवर एकदम आरोप करवत नाही, कारण भूसंपादनाचा निवाडा हा सरकारी कागद आहे, त्यात खातेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम सगळं लिहिलेलं असते, सातबारा तर कोणीही ऑनलाईन पाहते. सासरच्यांना तिथून कळलं असू शकते. पण ताई, निवाड्यात तुमचा मोबाईल नंबर नसते! ट्रॅक्टरवाला अन् विमावाला दोघांचेही फोन त्याच नंबरवर आले, तो नंबर तुम्ही समाजमंदिरात लिहून दिला असेल, तर तो कोणाकोणाला दिला हे त्या ऑफिसला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मी स्वतः तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते म्हणून सांगते, कोणता कागद कधी लागते हे पक्षकाराला कोणी समजावूनच सांगत नाही. केस टाकताना लागते निवाड्याची नक्कल, नोटीस तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाली ती तारीख कारण मुदत त्यावरून मोजतात, सातबारा, फेरफार, वारसाचा कागद आणि ओळखीसाठी आधार. पासबुक अन् पॅन लागते ते शेवटी, पैसे जमा झाल्यावर उचलायचा अर्ज करताना, आणि तेव्हाही पासबुकाचं पहिलं पान पुरते, आतल्या एन्ट्र्या वकिलाला काय करायच्या. जे आज लागत नाही ते आज देऊ नका, मागितलं तर कशाला पाहिजे विचारा, चांगला वकील रागावत नाही.

आमच्या कोर्टासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे, खराब निघालेल्या कॉप्यांचा गठ्ठा तो बाजूच्या गाडीवाल्याला देते. मागच्या पावसाळ्यात मी आलुबोंडा घेतला तर खालच्या कागदावर एका म्हाताऱ्या बाईचं आधार, फोटो, नंबर, गाव, सगळं तेलात भिजून आरपार दिसून राहिलं होतं. माझा घासच अडकला. तेव्हापासून माझ्या ऑफिसातली प्रत्येक खराब कॉपी मी समोर बसून फाडायला लावते आणि मुन्शीच्या मोबाईलमध्ये पक्षकाराचा एकही फोटो ठेवू देत नाही, काम झालं की डिलीट.

तुमच्या पत्रात माझ्या मते सगळ्यात वाईट आहे तो कोरा चेक आणि कोरे स्टॅम्प. वकिलानं माणूस पाठवून गावात केसेस गोळा करणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमात बसतच नाही, आणि मोबदल्यातले इतके टक्के आमचे असं ठरवून फी घेणं हेही चालत नाही. कोरा चेक बहुतेक त्याच टक्क्यासाठी घेतात. सही केलेला कोरा चेक दुसऱ्यानं भरून टाकला तरी कोर्ट आधी असंच धरून चालते की तुम्ही देणं लागत होता, नाही लागत हे मग तुम्हाला सिद्ध करावं लागते. म्हणून आधी बँकेत जा, चेक नंबर लिहून स्टॉप पेमेंटचा, म्हणजे या चेकवर पैसे देऊ नका असा, अर्ज द्या, पोच घ्या. मग त्या ऑफिसला साध्या मराठीत पत्र लिहा, असं : "अमुक तारखेला तुमच्या माणसानं माझ्याकडून दोन कोरे सही केलेले स्टॅम्प पेपर (नंबर माहीत असले तर नंबर), एक कोरा चेक आणि आधार, पॅन, पासबुकाचे फोटो घेतले. चेक आणि स्टॅम्प पेपर पंधरा दिवसांत परत करावेत, त्यावर पुढं काही लिहिलं गेलं तर ते मला मान्य नाही. माझे कागद कोणाकोणाला दिले ते लेखी कळवावं. माझा मोबाईल नंबर केसशिवाय कोणाला देऊ नये." खाली सही, तारीख, आणि स्पीड पोस्टनं पाठवा. आधी आपण रजिस्टर पोस्ट करायचो, १ सप्टेंबर २०२५ पासून ती स्पीड पोस्टातच मिसळली, पावती जपून ठेवा. पंधरा-वीस जणं आहात तर ज्यानं त्यानं आपापलं वेगळं पत्र द्यावं.

फी बाकी आहे म्हणून कागद देत नाही असं म्हणाले तर घाबरू नका, सुप्रीम कोर्टानं २००० साली सांगितलेलं आहे की फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, फीचा वाद वेगळा. तरीही ऐकलं नाही तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार होते. डेटा संरक्षणाचा वेगळा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे आणि कायदेशीर हक्क मागायसाठी जी माहिती वापरावीच लागते तिला त्यात बरीच सूटही आहे, म्हणून तुमच्या कामाला सध्या वरचे रस्तेच जवळचे.

इथून पुढं आधारची झेरॉक्स दिली की त्यावर आडवं पेनानं लिहा, "फक्त भूसंपादन केससाठी", तारीख, सही. जिथं चालते तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, मोबाईल नंबर जोडलेला असला तर घरी बसून होते, कारण कागदावरच्या अंगठ्याचा ठसा उचलून आधारवरून खात्यातले पैसे काढल्याचे प्रकार देशात झालेले आहेत. ओटीपी मात्र वकिलालाही नाही, मुन्शीलाही नाही, मलाही नाही. तरी खात्यातून पैसे गेलेच तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर, लगेच फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

प्रश्न : पोरीच्या फारकतीची केस चालू आहे, अर्जाच्या पानांचे फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले. पोरगी जेवत नाही. कोणाला धरू? (एक बाप, वर्धा जिल्हा)

उत्तर : भाऊ, आधी पोरीला सांगा की यात तिचं काहीच चुकलं नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २२ : अशा केसेस बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, दंड फक्त एक हजार रुपयापर्यंत आहे, माझ्या मते फारच कमी, पण गुन्हा आहे. ग्रुपचा स्क्रीनशॉट घ्या, पाठवणाऱ्याचा नंबर अन् वेळ दिसली पाहिजे, मगच ग्रुप अॅडमिनला काढून टाकायला सांगा, उलटं केलं तर पुरावा जाते. पानं कोणत्या कॉपीची आहेत ते पहा, अर्जाची प्रत समोरच्या पक्षालाही मिळालेली असते, तुमच्याच वकिलाकडून गेली असं धरून चालू नका. स्क्रीनशॉट वकिलाला दाखवून कोर्टासमोर लेखी आणा.

प्रश्न : चिमूरकडचा आहे. दोन वर्षं झाले, वकील म्हणते केस चालू आहे, कागद एकही दाखवत नाही. माझ्याच केसची माहिती मला मिळू शकते का? (शेतकरी)

उत्तर : मिळते की भाऊ. वकिलाला सीएनआर नंबर मागा, सोळा अक्षर-आकड्यांचा असते, प्रत्येक केसला वेगळा. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कोणते आदेश निघाले, फुकट दिसते. नंबर दिला नाही तर पक्षकाराच्या नावानं शोधता येते, जिल्हा अन् कोर्ट निवडून, वर्ष टाकून, फक्त नावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं करून पहा, आपल्याकडं एकाच आडनावाचे चार स्पेलिंग असतात. तरीही नाहीच सापडलं तर तारखेच्या दिवशी स्वतः कोर्टात जाऊन चौकशी करा, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन लावा.