आनंद शिकावा लागतो

इंदूर

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात तुला सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी क्रिश्चियन कॉलेजच्या फाटकापाशी तू मला विचारलेस, की सगळी मंडळी टाळ्या वाजवून गात असताना माझ्या मनात काहीच हलत नाही, तर माझा विश्वास खोटा आहे का? मागे रिक्षावाला भोंगा वाजवत होता आणि मी 'नाही गं' एवढेच म्हणून बसले. त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र.

ज्याला तू आनंद म्हणतेस तो पुष्कळदा नुसता उल्हास असतो. पेटी वाजवणारा कसा आहे, रात्री झोप नीट झाली की नाही, यावरही तो कमीजास्त होतो. त्याला मी नावे ठेवत नाही. मलाही टाळ्या आवडतात. पण तो आला नाही म्हणून स्वतःला अपराधी ठरवणे मला मुळीच पटत नाही.

बायबलमधले, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र या आठवड्यात एका बैठकीत वाचून काढ. चारच अध्याय आहेत. ज्या गावी पौलाला फटके मारून त्याचे पाय खोड्यात अडकवले होते, त्याच गावच्या मंडळीला तो पुढे बंदिवासातून लिहितो आहे, आणि तरी आनंदाचा विषय पुन्हा पुन्हा काढतो. चौथ्या अध्यायात 'आनंद करा' म्हणण्याच्या जरा आधी तो मंडळीतल्या दोन स्त्रियांना एकमताने राहण्याची विनंती करतो, म्हणजे ही आज्ञा भांडणे नसलेल्या मंडळीला दिलेली नव्हती. आणि थोडे पुढे, मिळेल त्या स्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो आहोत, असे तो सांगतो. 'शिकलो' हा शब्द मी माझ्या शास्त्रात पेन्सिलीने अधोरेखित केला आहे. पौलासारख्यालाही जे शिकावे लागले, ते तुला बाप्तिस्म्याबरोबर आयते मिळायला हवे होते, असे तुला कोणी सांगितले?

या शिक्षणाची सुरुवात, माझ्या अनुभवाने, खरे बोलण्यापासून होते. तुझे काका गेल्यानंतर जवळजवळ तीन वर्षे मी गायकवृंदात उभी राहून गात होते आणि आतून कोरडी होते. प्रार्थनासभेत कोणी विचारले की 'प्रभूची कृपा आहे' असे म्हणायचे, आणि घरी येऊन अंधारात बसायचे. मग एकदा 88वे स्तोत्र हाती लागले. ते तक्रारीने भरलेले आहे आणि अंधार या शब्दावरच संपते. शेवटी समजूत घालणारी एक ओळसुद्धा नाही. अशी प्रार्थना शास्त्रात ठेवली गेली आहे, हे पाहून त्या रात्री मी देवाशी प्रथमच मोकळेपणाने भांडले. त्यानंतर लगेच आनंद झाला असे नाही, पण नाटक संपले.

मराठीत वाचायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाच. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली वर्षे त्यांनी किती ताटातुटीत आणि मनस्तापात काढली ते त्यांनीच लिहिले आहे. तरी पानापानावर त्या हसवतात, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच हसतात. स्वतःवरून लक्ष थोडे उठल्याशिवाय असे हसता येत नाही, असे मला वाटते.

माझे लक्ष उठवले ते रामबागेतल्या आजींनी. त्यांची दृष्टी गेलेली. पाळकसाहेबांनी मला दर गुरुवारी त्यांच्याकडे डबा घेऊन जायला सांगितले, आणि मी खरे तर नाइलाजाने गेले. मेतकूट-भात भरवून झाला की त्या स्तोत्र वाचायला सांगत. एकदा घरी जायच्या घाईत मी 103व्या स्तोत्रातल्या दोन ओळी गाळल्या. त्यांनी हाताने माझे मनगट धरले आणि म्हणाल्या, "उपकार विसरू नकोस म्हणतो तो दावीद, आणि तू तर ओळीच विसरलीस." आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली. घरी येऊन डब्याच्या तळाचा भात खरवडताना माझ्या ध्यानात आले, की मी गुणगुणते आहे. आनंद शोधायला मी त्या दिवशी गेलेच नव्हते.

तेव्हा उपासनेत काही वाटले नाही तरी येत जा, जे वाटते ते देवाला जसेच्या तसे सांग, आणि स्वतःच्या मनाची नाडी दर रविवारी तपासणे जरा थांबव.

येत्या गुरुवारी सहा वाजता माझ्याकडे ये. डबा मी भरून ठेवते. वाचायचे काम तुझे. ओळी मात्र गाळू नकोस, आजी अजून तशाच आहेत.

तुझी,
मावशी