झिप करूनही फोटो तेवढेच का?

प्रश्न : मंडळाच्या गणेशोत्सवाचे ५०० फोटो झिप केले, २ जीबीचे जेमतेम १.९५ जीबी झाले. काय चुकलं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमचं काहीच चुकलं नाही. फाइल आवळून लहान करण्यासाठी झिप तिच्यातली पुनरावृत्ती शोधतं. मागच्या ३२ केबीत तोच मजकूर येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल’ एवढीच खूण ठेवतं. साध्या मजकुराची फाइल म्हणूनच बहुधा निम्म्याहून लहान होते. जेपेग (.jpg) फोटो मात्र कॅमेऱ्यानेच आधी आवळलेला असतो. पिळून काढलेल्या धोतरातून आणखी पाणी कुठून निघणार? एमपी४ व्हिडिओचंही तेच. वर्डची डॉकएक्स फाइल तर मुळात झिपच!

आकार कमी करायचाच असेल, तर फोटोंच्या प्रती काढून त्यांची लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपेगचा दर्जा (१०० पैकी) ८० ठेवा. मूळ फोटो पुसू नका, गेलेला तपशील परत येत नाही.