दोन वेळा ब्रश करूनही तोंडाचा वास जात नसेल तर

दोन वेळा ब्रश, रोज माउथवॉश, शिवाय कित्येक महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, तरी वास तसाच, मग पोटच बिघडलंय का, असा तुमचा प्रश्न आहे. पोटावरचा संशय आधी बाजूला ठेवा. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे ढेकर आला की तेवढ्यापुरताच पोटातला वास वर येतो. महिनोन्‌महिने टिकणारा वास दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत तोंडातच तयार होतो. (गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.)

जिथे हवा पोचत नाही तिथे वाढणारे जिवाणू अन्नकण, मेलेल्या पेशी, हिरड्यांतलं रक्त आणि नाकामागून घशात उतरणारा शेंबूड यांतली प्रथिनं फोडतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त वायू सुटतात. या जिवाणूंच्या दोन आवडत्या जागा म्हणजे जिभेचा मागचा भाग आणि हिरडीखालची फट. नेमकं तिथेच ब्रश पोचत नाही. पुदिन्याचा वास थोडा वेळ त्यावर पांघरूण घालतो, एवढंच.

स्वतःच्या वासाला नाक सरावलेलं असतं, म्हणून ओंजळीत फुंकर मारून काही कळत नाही. खाऊन किंवा ब्रश करून दोन तास झाल्यावर चमच्याने जिभेच्या मागचा थर हलकेच खरवडा आणि काही सेकंदांनी हुंगा. मग दाढांच्या प्रत्येक फटीतून फ्लॉस (दातांमधली फट साफ करायचा दोरा) फिरवून तोही हुंगा. एकाच फटीत दुर्गंधी असेल तर तिथे कीड, सैल झालेली कॅप किंवा अन्न अडकणारी जागा असू शकते, ती डेंटिस्टला बोट ठेवून दाखवा. घरच्या विश्वासू माणसाला तुमचा श्वास हुंगायलाही सांगा: तुम्ही नाक दाबून तोंडाने श्वास सोडा, मग तोंड मिटून नाकाने. वास फक्त तोंडाचा असेल तर कारण तोंडात किंवा घशात. फक्त नाकाचा असेल तर नाक-सायनस तपासा.

बहुतेक जण जिभेचा पुढचा भाग घासतात, जिथे थर सर्वांत कमी असतो. टंग क्लीनर सोसेल तितका मागे ठेवा, हलक्या हाताने पुढे ओढा, धुवा. असं चार-पाच वेळा. उमासा येत असेल तर जीभ बाहेर काढून श्वास सोडत ओढा, सवयीने तो कमी होतो. रक्त आलं तर जोर जास्त होतोय.

हिरड्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. ब्रश करताना रक्त येणं ही सहसा हिरड्या सुजल्याची खूण असते. दात आणि हिरडीमधली फट ३ मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर ठीक. ४ किंवा जास्त असेल आणि रक्त येत असेल तर तिथली घाण घरी निघत नाही. म्हणून डेंटिस्टला नुसतं ‘क्लीनिंग करा’ म्हणू नका, फटींची खोली मोजायला सांगा. स्केलिंगनंतर (दातांवरचं कीटण खरवडून काढल्यावर) दातांत फटी दिसतात, थोडे दिवस झिणझिण्या येतात. त्याला घाबरून लोक पुन्हा जात नाहीत. वास्तविक कीटण निघालं आणि सूज उतरली म्हणून आधीचीच फट उघडी पडते. उपचार टाळले तर दाताभोवतीचं हाड झिजतं. ते आपोआप भरून येत नाही आणि शेवटी दात हलतात. मधुमेह असेल तर हे वेगाने होतं, आणि हिरड्यांच्या सुजेने साखरही आटोक्यात राहत नाही.

लाळ कमी झाली तरी वास वाढतो. सकाळचा वास त्यामुळेच. तो ब्रश-न्याहारीनंतर गेला तर काळजी नको. तोंडाने श्वास घेणं, घोरणं, अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी तोंड दिवसभर कोरडं पडतं. तेव्हा अल्कोहोलवाला माउथवॉश नको. झिंक असलेला चालेल, ते गंधकाला बांधून ठेवतं. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) ०.२ टक्के वापरायचं तर १० मिलिलिटर, एक मिनिट खळखळवून थुंकायचं, दिवसातून दोनदा आणि सहसा दोन आठवड्यांपर्यंतच. जास्त वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. पेस्ट आणि त्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर पेस्टमधला फेसाचा घटक त्याचा परिणाम कमी करतो. कवळी असेल तर रात्री काढून घासून ठेवा.

तोंड स्वच्छ, हिरड्या घट्ट, तरी वास राहिला तर टॉन्सिलच्या खाचांत पांढरे दुर्गंधी खडे आहेत का, हे कान-नाक-घसा डॉक्टरांकडून बघून घ्या. मधुमेही माणसाच्या श्वासाला गोडसर वास, सोबत उलट्या किंवा जोरजोराचा श्वास असेल तर थेट रुग्णालय गाठा. अमोनियासारखा वास येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करा.

आणि घरच्यांना, डेंटिस्टला, कुणालाच वास येत नसेल तर माउथवॉश वाढवू नका. वास नसतानाही तो येतोय अशी भीती बसते. माणूस बोलायचं टाळतो, लोकांत मिसळेनासा होतो. तो त्रास खरा असतो आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञ मदत करू शकतात.