एकाच चामड्यातून पट्टा, होल्स्टर आणि सॅडलबॅग? नको

"काका, सल्ला द्या" असं लिहिलंयस, तेव्हा अरेतुरेवरच येतो. तुझा बेत मला समजला तो असा: कळव्याला राहतोस, धारावीला जाऊन जाड व्हेज टॅनची एक अख्खी बाजू, म्हणजे जनावराच्या कातड्याचा उभा अर्धा भाग, आणणार आणि तिच्यातून कमरेचा पट्टा, मामांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी होल्स्टर (कमरेला लावायचं म्यान) आणि रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०च्या मागच्या चाकाशेजारी टांगायची सॅडलबॅग अशी तिन्ही कामं काढणार. वर शिलाई मशीन कोणतं घेऊ, हा प्रश्न.

मशीनचं मागाहून. आधी चामडं, कारण तुझे पैसे तिथेच अडकणार आहेत. पट्टा आणि होल्स्टर एका चामड्यातून निघतील. सॅडलबॅग मात्र त्यातून काढू नकोस. नुसता जाडीचा प्रश्न नाही, पाण्याचा आणि उष्णतेचा आहे.

व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या सालीतल्या, फळातल्या टॅनिनने कमावलेलं चामडं. कोल्हापुरी चपलेचं असंच बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते पाणी पितं, ओलं झालं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की दिलेला आकार धरून ठेवतं. होल्स्टरला नेमकं हेच लागतं. क्रोम टॅन हे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ, लवचिक. ते भिजवून कितीही दाबलंस तरी वाळल्यावर पुन्हा ढिलं पडणार. म्हणून क्रोमचं होल्स्टर म्हणजे नुसती पिशवी.

आता हेच उलटं करून बघ. ओलं व्हेज टॅन साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आकसायला लागतं, क्रोम शंभराच्या आसपासपर्यंत तग धरतं. तुझ्या क्लासिकचा सायलेन्सर उजव्या बाजूला. जुलैत मुरबाडमार्गे माळशेजला निघालास, बॅग चिंब भिजली आणि तिचा तळ सायलेन्सरला टेकला, तर व्हेज टॅन तिथेच चुरगळून लाकडासारखं कडक होतं. तेल चोळून ते परत येत नाही. सॅडलबॅगला क्रोम घे, किंवा तेल-मेण मुरवलेलं, दुमडलं की रंग फिकट होणारं पुल-अप घे. जाडी दोन ते अडीच मिलिमीटर पुरे.

धारावीला जायचंच आहे तर जा. स्लो लोकलने शीवला उतर आणि नव्वद फुटी रस्त्याच्या आसपास फीर. पण "व्हेज टॅन आहे का?" असं विचारू नकोस, हो म्हणणारा भेटतोच. कापलेली कड बघ. व्हेज टॅनची कड आरपार बदामी-तपकिरी दिसते, क्रोमच्या कडेत बहुतेकदा मधोमध निळसर-राखाडी रेघ असते. रंग न दिलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाक. व्हेज टॅन तो पिऊन लगेच गडद होतं. तरी शंका वाटली तर एखादी कतरण मागून घे आणि बाहेर येऊन जाळ. क्रोमच्या राखेला हिरवट झाक येते. "जेन्युइन लेदर" या छापाला काही अर्थ नाही, स्प्लिटवर, म्हणजे चामड्याच्या सोलून काढलेल्या खालच्या थरावर, प्लास्टिकचा थर चढवून त्यावरही तोच छाप मारतात. म्हशीचं जास्त दिसेल. महाराष्ट्रात २०१५ साली बंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली, हे त्यामागचं एक कारण. पोत जरा जाडाभरडा असतो, पण पट्ट्याला आणि होल्स्टरला म्हैस उत्तम. कानपूरकडचं, घोड्याच्या साजासाठी कमावलेलं मिळालं तर सोडू नकोस.

भाव चौरस फुटावर असतो आणि म्हशीची अख्खी बाजू वीस फुटांच्या पुढे जाते. पहिल्याच खेपेला एवढं घेऊ नकोस. किलोवर मिळणाऱ्या कतरणीत हात भरून घे, त्यातून चाव्यांचे पट्टे निघतील. परदेशी व्हिडिओत जाडी औंसात सांगतात: एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. ते आठ-नऊ औंस म्हणाले की तू ३.२ ते ३.६ मिलिमीटर माग.

सुरुवात पट्ट्यानेच कर. सरळ कापणं, कड, भोकं, टाके, बक्कल, सगळं त्यात येतं आणि बिघडलाच तर एक पट्टी जाते. पट्टी पाठीच्या कण्याला समांतर काप. पोटाकडचं चामडं ताणतं. त्या भागाचा पट्टा चार महिन्यांत लांबतो आणि भोकं अंडाकृती होतात. रुंदी ३८ मिलिमीटर, जाडी साडेतीन ते चार. माप पँटच्या नंबरावरून काढू नकोस. सध्याचा पट्टा काढ आणि बक्कलापासून ज्या भोकात तो अडकवतोस तिथपर्यंत मोज. ते नव्या पट्ट्याचं मधलं भोक. दोन्हीकडे दोन-दोन, एक इंचाच्या अंतराने.

आता टाके. कडेपासून तीन-चार मिलिमीटरवर डिव्हायडरने रेघ मार आणि चार मिलिमीटर अंतराच्या दात्यांच्या छिन्नीने भोकं पाड. छिन्नी काढून पुढे ठेवताना तिचा पहिला दाता आधीच्या शेवटच्या भोकात बसव, म्हणजे अंतर चुकत नाही. ठोकायला नायलॉनची किंवा लाकडी मोगरी, लोखंडी हातोडी नको. खाली ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्याच्याखाली रबर. घोडबंदर रोडला फरशीवाल्यांकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. आणि हे ठोकणं रात्री दहानंतर करू नकोस. खालच्या मजल्यावर ते जसं ऐकू जातं त्याची तुला कल्पना नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेवढाच विषय होतो.

दोरा मेण लावलेला, पॉलिएस्टरचा, ०.८ मिलिमीटर. शिलाईच्या चौपट लांब घे, दोन्ही टोकांना बोथट सुया ओव. प्रत्येक भोकात आधी डावी सुई, मग उजवी, आणि उजवी जाताना दरवेळी दोऱ्याच्या एकाच बाजूने गेली पाहिजे. सुई दोऱ्यातून आरपार गेली तर टाका तिथेच जखडतो, म्हणून पहिला दोरा थोडा मागे ओढून बघ. तो सरकला म्हणजे ठीक. मग दोन्ही हातांनी सारख्याच जोराने आवळ. क्रम एकदा बदललास की तेवढ्या टाक्यांचा तिरकेपणा बदलतो आणि तो आयुष्यभर दिसतो. शेवटी दोन-तीन भोकं उलटं येऊन दोरा काप आणि टोक लायटरने वितळव. या शिलाईत एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा प्रत्येक भोकातून गेलेला असतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा मध्ये एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण सुटत जाते.

इथेच तुझ्या मशीनचं उत्तर. घरगुती मशीन साडेतीन मिलिमीटरचे दोन थर ओढत नाही, सुई मोडते. ते काम करणारं मशीन वेगळं, जड आणि महाग असतं. सध्या घेऊ नकोस. बॅगेच्या लांब शिवणी मशीनवर हव्याच असल्या तर धारावीत जॉबवर्कने शिवून देणारे कारागीर आहेत. त्यांना पैसे दे आणि करून घे. मशीनचा पैसा तू चांगल्या रापीवर (चामडं कापायची सुरी) आणि तिच्या धारेवर घाल. मोच्याकडची साधी रापी आणि आरी (भोक पाडायचा टोच्या) सुद्धा चालते, पण रोज धार हवी. बोथट रापीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि बोटात जाते.

होल्स्टर. खरी मजा इथे आहे आणि सांभाळायचंही इथेच. साचा म्हणून खरं शस्त्र वापरू नकोस. त्याच मापाचा लाकडी किंवा रेझिनचा नमुना करून घे. मामांचं रिव्हॉल्व्हर एकदा त्यांच्याच हातून रिकामं करून, त्यांच्यासमोर कागदावर ठेवून रेघ मारून घे आणि तिथून पुढे नमुन्यावरच काम कर. त्याहून बरं म्हणजे पहिलं होल्स्टर पकडीचं किंवा टॉर्चचं कर, तंत्र तेच आहे.

शिवून झालं की साध्या पाण्यात बुडव. बुडबुडे थांबले की बाहेर काढ आणि मग थांब. लगेच दाबायला घेतलंस तर ते लगदा असतं, आकार धरत नाही. पृष्ठभागाचा रंग मूळ रंगाकडे परतायला लागला, पण गालाला लावलं तर अजून गार लागतं, ती वेळ. नमुन्याला क्लिंग फिल्म गुंडाळून आत घाल आणि अंगठ्याने रेघा बसव: सिलिंडरचा फुगवटा, ट्रिगर गार्डची कड. त्याआधी नखं कापलेली हवीत आणि अंगठी काढलेली. ओल्या चामड्यावर उमटलेली नखाची रेघ वाळल्यावर जात नाही. लोखंडाची कुठलीही वस्तू लावू नकोस. टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की काळा डाग पडतो. ताजा असेल तर लिंबाच्या रसाने फिका होतो, जुना राहतोच.

ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला गेला पाहिजे, यात तडजोड नाही. तोंड आपलं आपण उघडं राहील इतकं कडक हवं आणि मागची फट पट्ट्याच्या रुंदीएवढीच. वर नीट्सफूट तेल (चामडं मऊ करायचं तेल) ओतायचा मोह होईल. हलका हात फिरव, जास्त झालं की होल्स्टर लुळं पडतं. आणि मामांना सांग, शस्त्र घरी होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. चामडं हवेतली ओल धरतं आणि आपल्याकडच्या हवेत लोखंड गंजायला तेवढं पुरे.

हे सगळं ऑक्टोबर ते मे या काळात उरक. मे महिन्यात पंख्याखाली ओलं होल्स्टर दिवसभरात वाळतं. जुलैत ते दोन-तीन दिवस दमट राहतं आणि आतून बुरशीचे काळे ठिपके धरतं. घाई म्हणून हेअर ड्रायर लावू नकोस, बाहेरून तडकतं आणि आतून ओलंच. एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत टांगून ठेव. उरलेलं चामडं पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकशील तर गणपतीपर्यंत हिरवी लव आलेली असते. कापडात गुंडाळ आणि हवा लागू दे. डांबरगोळ्या किड्यांसाठी आहेत, बुरशी त्यांना दाद देत नाही.

सॅडलबॅगेकडे शेवटी ये, कारण तिथे शिवण्याइतकंच बसवणंही महत्त्वाचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमानुसार मागच्या निम्म्या चाकाला तरी संरक्षण हवं, तोच आपला साडी गार्ड. बॅग अडकवायला बुलेटवाले तो काढून टाकतात. काढू नकोस. डावी बॅग त्यालाच बांध. आयती जाळी मिळते आणि बॅग चाकात जाण्याची भीती राहत नाही. उजवीकडे लोखंडी स्टे (बॅग चाकापासून दूर धरणारी कांब) लागेलच, आणि बॅगेचा तळ सायलेन्सरपासून भरलेल्या अवस्थेत चार बोटं वर हवा. भरलेल्या म्हणतोय, कारण रिकामी बॅग सगळ्यांचीच वर असते. मग ती रेनकोट, पाना, पाण्याची बाटली घेऊन दोन बोटं खाली येते, आणि घोडबंदरच्या खड्ड्यांत अजून एक. म्हणून पाठीमागच्या भागात प्लॅस्टिकची कडक शीट घाल. इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेही मागून उभं राहून बघून घे.

दोरा पॉलिएस्टरच. सुती दोरा ओलीने कुजतो, नायलॉन उन्हाने लवकर कमकुवत होतो. बक्कल, रिव्हेट, टिचबटण भरीव पितळेचं किंवा स्टेनलेसचं घे. मुलामा दिलेलं लोखंड दुसऱ्या पावसात गंजतं आणि चामड्यावर गंजाचे ओघळ पडतात. पितळेला पुढे हिरवट मेण सुटेल. चामड्यातल्या तेलाची आणि तांब्याची ती प्रक्रिया आहे, फडक्याने पुसलं की गेलं. झाकण तिन्ही बाजूंनी खाली यावं आणि तळाला एक छोटी आयलेट (धातूची कडी बसवलेलं भोक) ठेव, आत शिरलेलं पाणी निघून जायला. टाक्यांच्या भोकांतून पाणी येतंच. हाताने शिवलेली कुठलीही बॅग वॉटरप्रूफ नसते, विकणारा काहीही म्हणो. कागदपत्रं वेगळ्या ड्राय बॅगमध्ये.

कडांचं थोडक्यात: बेव्हलरने धार मोड, ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घास, जरा ओलसर करून डिंक लाव आणि लाकडी दांड्याने चमक येईपर्यंत घोट. हे फक्त व्हेज टॅनवर जमतं. क्रोमची कड घोटली जात नाही, ती आत दुमडून शिव किंवा एज पेंट लाव.

आधी कतरणीतून वीतभर पट्टी काप, दोन्ही कडा घोट, एक ओळ टाके घाल आणि फोटो टाक. समोरून नको, कडेचा आणि मागच्या बाजूचा. टाके मागून कसे आलेत ते बघितलं की पुढचं सांगतो.