त्याचे लॉट सावरणं आधी थांबव

प्रिय मावशी,
मी रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात क्वालिटीला आहे. यंदा अकरा वर्षं झाली. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आणि लगेच इथे लागले. माझ्या बरोबरीने एक सुपरवायझर होता. त्याला कोळंबीचा काउंट, म्हणजे किलोत किती नग बसतात ते, धड काढता येत नाही. गोठवलेल्या मालाच्या ब्लॉकचं तापमान न बघताच रजिस्टर भरतो. पीलिंगच्या, म्हणजे कोळंबी सोलणाऱ्या बायकांना शिव्या घालतो, त्यांच्या अंगावरून घाणेरडं बोलतो. दोन पोरी त्याच्यामुळे काम सोडून गेल्या. गेल्या महिन्यात त्याला प्रॉडक्शन मॅनेजर केलं, आता मी त्याच्या हाताखाली. सेठ मुंबईला असतात, महिन्यातून दोनदा येतात. बढती जाहीर झाली त्या दिवशी पेढे वाटायला त्यांनी मलाच सांगितलं. त्याने अर्धवट टाकलेलं काम मी रोज रात्री थांबून निस्तरते, म्हणून तर त्याचा एकही लॉट परत आलेला नाही. मी कधी बढती मागितली नाही. वाटायचं, काम दिसतंच की. आता सकाळी गेटपाशी आले की पोटात गोळा येतो. परवा एका म्हाताऱ्या बाईवर मीच ओरडले, अगदी त्याच्यासारखी. सोडून देऊ का नोकरी? नवऱ्याच्या होडीचं कर्ज आहे, मुलगी नववीत आहे. जगात असल्याच लोकांचं चांगलं होतं का?
गमबूटवाली, रत्नागिरी तालुका

बाय गो,

पेढ्यांचा पुडा तुझ्याच हातात दिला हे वाचून मला आधी तुझ्या सेठचा राग आला. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि थोडा तुझाही आला. तो का, ते सांगते. पण तुझ्यावर अन्याय झालाय, यात शंका नाही. अकरा वर्षं थंडगार पाण्यात पाय घालून उभं राहायचं आणि शेवटी दुसऱ्याचे पेढे वाटायचे, हे कोणालाही लागेल.

तुझा शेवटचा प्रश्न पटकन संपवते. असल्याच लोकांचं चांगलं होतं का? दर वेळी नाही, पण बऱ्याचदा होतं, खोटं कशाला सांगू. लॉरेन्स पीटर नावाच्या एका प्राध्यापकाने 1969 साली थोड्या थट्टेने एक सिद्धांत मांडला होता. चांगलं काम करणाऱ्याला वर वर चढवत नेतात, जिथलं काम त्याला झेपत नाही त्या पायरीवर तो पोचतो आणि मग तिथेच बसून राहतो. दाखला द्यायला बरा आहे, पण तुझ्या माणसाला लागू पडत नाही. त्याला तर खालच्या पायरीवरचंही जमत नव्हतं. मग चढला कसा?

तुझ्या मैत्रिणी म्हणत असतील, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मला तुझा सेठ आंधळा वाटत नाही. तो दुरून बघतो, एवढंच. महिन्यातून दोन दिवस त्याच्या जागी उभी राहून बघ. कंटेनर वेळेवर गेला? गेला. माल परत आला? नाही आला. शेडमध्ये शिरल्यावर आवाज कोणाचा? त्याचा. तू कुठे असतेस? कोपऱ्यात, गोठलेल्या ब्लॉकला ड्रिलने भोक पाडून त्यात थर्मामीटरची सळई खुपसून, आकडा स्थिर व्हायची वाट बघत. त्या कामाला आवाजच नाही. मुंबईहून आलेल्या माणसाला वाटणार, हा ओरडतो म्हणून सगळं चालतंय.

होडीवर हे खपत नाही. तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, अंदाज चुकला की जाळं रिकामं वर येतं, आणि ते सगळ्या खलाशांना त्याच घटकेला दिसतं. ओरडतात तांडेलही. माझा आजोबा समुद्रात असला तरी किनाऱ्यावर ऐकू यावा असा ओरडायचा. पण संध्याकाळी पाट्या मोजल्या जायच्या आणि त्याचं खरं-खोटं तिथेच व्हायचं. तुझ्या कारखान्यात त्याची चूक आणि तिचं फळ यांच्या मधोमध तू उभी आहेस. त्याने चुकायचं आणि तू रात्री थांबून पुसायचं. तुझा राग आला तो यासाठी.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, भोगून सांगते. मी तेवीस वर्षं एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिले. तिथे कॅशवर एक गृहस्थ होते. त्यांची रोजकीर्द संध्याकाळी कधी जुळायची नाही. साडेसहाला 'जरा पान खाऊन येतो' म्हणून उठायचे ते थेट घरी. मग मी शोधत बसायची. एका मार्चअखेरीला 63 रुपयांचा फरक निघाला. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की कुठेतरी आकडे उलटे पडले असतील असं समजावं, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. एकेक पावती काढून ताडत बसले. रात्री साडेनऊला सापडलं, 81 च्या जागी 18. पेन्सिलने बारीक खूण केली आणि दुरुस्त केलं. शेवटची एसटी गेली होती, भाऊ सायकल घेऊन न्यायला आला. दुसऱ्या दिवशी एक संचालक सगळ्यांसमोर म्हणाले, "यांची कॅश कशी पैशाला पैसा जुळते बघा." यांची! आणि मी काय केलं? गालातल्या गालात हसले. आपण केवढे मोठ्या मनाचे, असं वाटलं गो मला. पुढच्या वर्षी ते शाखाधिकारी झाले. चार वर्षं मी त्यांचा दुस्वास केला. माझ्या पेन्सिलीनेच त्यांना त्या खुर्चीत बसवलं हे डोक्यात शिरायला पाचवं वर्ष उजाडलं.

म्हणून सावरणं थांबव. वाईट माल बाहेर जाऊ दे असं मी म्हणत नाही, तो खाणाऱ्याने तुझं काय वाकडं केलंय? माल थांबवच, पण गुपचूप नको. ब्लॉकच्या पोटात उणे 18 हवं आणि उणे 11 आलं, तर रजिस्टरमध्ये उणे 11 लिही. वेळ लिही, लॉट नंबर लिही, सही कर. तो परत फ्रीझरला लावला तर किती वाजता लावला, किती तास गेले, रात्री कोण थांबलं, तेही लिही. यातलं चार ओळींचं टिपण रोज संध्याकाळी मॅनेजरला आणि सेठच्या ऑफिसला एकदमच जाऊ दे. त्यात एकही विशेषण नको. 'बेजबाबदारपणे' नको, 'पुन्हा एकदा' तर मुळीच नको, तेवढ्यावरूनच म्हणतील की बाई जळते. नुसते आकडे आणि वेळा.

सुरू करायच्या आदल्या दिवशी त्याला तोंडावर सांग, "उद्यापासून थांबवलेल्या लॉटचं टिपण रोज पाठवणार आहे, तुम्हालाही येईल." न सांगता केलंस तर ती चुगली ठरेल. तो ओरडेल. बायकांसमोर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, "बरं, लिहिते" एवढंच म्हण आणि खाली बघून लिहायला लाग. आमच्या त्या गृहस्थांचा आवाज मी पेनाचं टोपण काढलं की निम्म्यावर यायचा. पहिल्या दिवशी मात्र मी नंतर संडासात जाऊन रडले होते, तिथली कडीसुद्धा मोडकी. रडू आलं तर रड, पण टिपण पाठवून मग रड.

आणि एक, हे जरा कडक शब्दांत सांगते. त्याने न बघता भरलेल्या आकड्यांखाली तुझी सही होत असेल तर ती आजपासून बंद. एखादा कंटेनर कधी परत आलाच, तर रजिस्टर उघडतील आणि खाली सही कोणाची ते बघतील. त्या दिवशी तू किती रात्री थांबलीस हे कोणी विचारणार नाही.

बायकांना तो जे बोलतो, ते तुझ्या बढतीपेक्षा वेगळं प्रकरण आहे, एकात एक मिसळू नकोस. नुसतं ओरडणं, पाणउतारा करणं यासाठी आपल्याकडे वेगळा असा कायदा नाही. पण अंगावरून घाणेरडं बोलणं 2013 च्या कायद्यात लैंगिक छळात बसतं. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया आणि एक व्यक्ती बाहेरची. कंत्राटावर आलेल्या पीलिंगच्या बायकाही या कायद्यात येतात. तक्रार लेखी, घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायचं असतं. आधी बघ, तुमच्या भिंतीवर समितीच्या नावांचा बोर्ड तरी आहे का. समितीच नेमली नसेल तर मालकाला 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सेठच्या ऑफिसला बहुधा ठाऊक असेल. पण तक्रार करायची की नाही हे त्या बायकांनी ठरवायचं. त्यांची रोजी त्यात अडकलीय. तू माहिती दे, त्या पुढे झाल्या तर साक्षीला उभी राहा. तुझा हिशेब चुकता करायला त्यांना पुढे ढकललंस तर मी तुझ्या बाजूची नाही.

आता सेठ. 'काम दिसतंच की' असं तू लिहिलंस. अगो, पापलेट कितीही ताजं असलं तरी ते आपला भाव आपण सांगतं का? पाटीपाशी बसलेली बाई सांगते, आणि खड्या आवाजात सांगते. सेठ पुढच्या वेळी येतील तेव्हा दहा मिनिटं मागून घे. त्या माणसाबद्दल अवाक्षर काढू नकोस. गेल्या हंगामात तू किती लॉट थांबवलेस, त्यातले किती नीट होऊन गेले, एवढं कागदावर ने. मग विचार, "पुढच्या जागेसाठी माझ्यात काय कमी पडलं?" आणि गप्प बस. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण, आपल्याला लगेच 'नाही, म्हणजे सहज विचारलं' म्हणायची खोड असते. "तू कधी मागितलंच नाहीस" असं म्हणाले, तर जागा कोणती, पगार किती आणि कधीपासून ते तिथल्या तिथे विचारून घे. "तू जरा मवाळ पडतेस" असं आलं, तर त्या कारखान्यात ओरडण्यालाच गुण मानतात हे तुला त्यांच्याच तोंडून कळलं. तिथे आणखी अकरा वर्षं घालवू नकोस.

राहिली नोकरी सोडायची गोष्ट. पेढ्यांच्या रागात राजीनामा फेकू नकोस. मे चालू आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तुझ्या नवऱ्याचीही होडी शाकारून वर ओढलेली असेल, शेडवर माल कमी असेल. हे दोन महिने तुझे आहेत. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत चौकशी कर, तळोज्याला कर. गुजरातेत वेरावळलाही तुझ्यासारखी माणसं लागतात, पण नववीतली मुलगी घेऊन तिकडे कुठे जाणार, ते सोड. जवळ काही मिळतंय का एवढं बघ. अकरा वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची आहे, राजीनामा तू दिलास तरी. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होईल त्याला पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. 18 हजार धरले तर 1 लाख 14 हजारांच्या वर जाते. होडीचे काही हप्ते त्यात निघतील. नवऱ्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखव, कर्जाचं भय आकडा दिसला की जरा आवरतं. नारळी पौर्णिमेपर्यंत तुझं काय ते ठरलेलं असू दे. हंगाम सुरू झाला की तुला विचार करायला उसंत कुठली.

आणि ती म्हातारी. सगळ्या पत्रात ती ओळ तू घाईघाईने लिहून पुढे गेलीस, म्हणून मी तिथेच थांबले. उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, ती बाकड्यावर बसून गमबूट चढवत असेल तेव्हा जा. "मावशी, परवा माझं चुकलं," एवढंच म्हण. त्याच्याबद्दल काही बोलू नकोस, तुझ्या डोक्याला किती ताप आहे तेही नको. ओरडलीस चारचौघींत, तर हेही चारचौघींतच बोल. ती "असू दे गो" म्हणेल, नाहीतर नुसती मान हलवेल. मग बूट चढवायला तिला जरा हात दे आणि कामाला लाग. सेठ काय म्हणाले ते जूनमध्ये मला लिहून कळव.

तुझी,
मावशी