परराष्ट्र सेवेची अट घालून परवानगी देऊ नका

सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यातून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलगी बारावी कला शाखेत 84 टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, तिला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकायचा आहे आणि तुम्ही होकारही दिला आहे. मात्र दोन प्रयत्नांत भारतीय परराष्ट्र सेवेत निवड झाली नाही, तर तुम्ही ठरवाल त्या स्थळी तिने लग्न करावे, अशी अट घातली आहे. तिच्या गुणांची मला मुळीच चिंता वाटत नाही, पण या अटीने मी अस्वस्थ झालो आहे.

नागरी सेवा परीक्षेला देशभरातून लाखो उमेदवार अर्ज करतात आणि त्यांतून परराष्ट्र सेवेत दर वर्षी मोजकेच जातात. खुल्या प्रवर्गातील उमेदवारालाही शासन वयाच्या 32 व्या वर्षापर्यंत सहा संधी देते. वडिलांनी त्या दोनवर आणाव्यात, हे मला पटत नाही. मानगुटीवर लग्नाची तारीख घेऊन बसलेली मुलगी अभ्यास करील तो भीतीपोटी, आणि ज्या विषयाची तिला आज ओढ आहे, त्याचाच तिला तिटकारा येईल. परीक्षेचा निकाल आणि लग्न यांची गाठ कृपा करून सोडवा.

तुम्ही पुढे लिहिता की परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय आहे, कांदा पिकवणाऱ्या घराचा त्याच्याशी काय संबंध? हा गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. सप्टेंबर 2019 च्या अखेरीस केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा त्याची झळ तुम्हाला लासलगावच्या बाजारात बसली असेल. त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतील कार्यक्रमात जाहीरपणे सांगितले, की आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे आणि पूर्वसूचना मिळाली असती तर बरे झाले असते. देशांतर्गत महागाई रोखण्यासाठी घेतलेला एक निर्णय मित्रदेशाच्या स्वयंपाकघरात आणि तुमच्या कांदाचाळीत एकाच वेळी पोहोचला. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा बंदी आली. पाण्याचेही तसेच आहे: 2011 मध्ये बांगलादेशबरोबरचा तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार पश्चिम बंगाल सरकारच्या विरोधामुळे अडला, आणि गंगेच्या पाण्यावरील 1996 च्या कराराची 30 वर्षांची मुदत 2026 मध्ये संपते. शेजाऱ्यांशी असलेले आपले संबंध राजदूतांच्या भेटींइतकेच बंदरे, नद्या, निर्यातशुल्क आणि राज्यांचे राजकारण यांवर ठरतात, आणि हे सारे समजणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. तुमच्या मुलीने यातली एक बाजू लहानपणापासून घरात पाहिली आहे, हे तिचे भांडवल आहे.

म्हणून माझा सल्ला थोडा वेगळा आहे. पदवीला तिने राज्यशास्त्राऐवजी अर्थशास्त्र मुख्य विषय घ्यावा आणि आजपासूनच एका शेजारी देशाची भाषा शिकायला घ्यावी. माझ्या मते बांगला, कारण ढाक्यातील वृत्तपत्रे मुळातून वाचू शकणारा मराठी अभ्यासक मला अजून भेटलेला नाही. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, साउथ एशियन युनिव्हर्सिटी किंवा व्यापाराकडे कल असल्यास इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड आहे. नागरी सेवा परीक्षा तिने जरूर द्यावी, पण निर्यात कंपन्या, संशोधन संस्था आणि पत्रकारिता या वाटाही सन्मानाच्या आहेत.

शेवटी एक विनंती. तुमच्या तीन पानी पत्रात मुलीचे स्वतःचे एकही वाक्य नाही. कोणता देश, कोणता प्रश्न तिला खुणावतो, हे मला तिच्याकडूनच ऐकायचे आहे. पुढचे पत्र तिने लिहावे आणि तुम्ही ते न वाचता टपालात टाकावे.

तुमचा हितचिंतक